कुंदाताई, ती कॉपी माझ्याकडे होती

कुंदाताई, त्या दिवशी तू ऑफिसच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना विचारलं होतंस, "तारखांच्या चौकोनाची वेगळी कॉपी कोणाकडे आहे का? असेल तर आत्ताच बोला, नंतर मी शोधत बसणार नाही." आम्ही पाच जण होतो. चौघांनी माना हलवल्या. मी नुसती मान हलवून थांबलो नाही, तोंडाने म्हणालो, "नाही ताई, माझ्याकडे नाही."

कॉपी माझ्याकडे होती. तीन आठवड्यांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी ती मीच केली होती. तू विचारत होतीस तेव्हा ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

तू जाऊन आज बारा दिवस झाले. ऑफिसच्या ग्रुपवर लोकांनी तुझ्याबद्दल बरंच लिहिलं. टायपिंगच्या क्लासमध्ये तू शिकवायचीस, वयाच्या पस्तिशीत स्वतः प्रोग्रामिंग शिकलीस, अलिबागच्या अर्ध्या बायकांची बोटं तुझ्यामुळे कीबोर्डवर बसली, हे सगळं त्यात आलं. मी काहीच लिहिलं नाही. मला लिहायचं होतं ते त्या ग्रुपवर मावणारं नव्हतं आणि ते लिहायच्या आधी मला एका ठिकाणी जाऊन यायचं होतं. काल जाऊन आलो.

हे वाचणाऱ्या कोणाला आपलं काम ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगतो. आपण नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या घरगुती मुक्कामाच्या जागांसाठी वेबसाइट बनवतो. चार खोल्यांचं घर असो की बारा खोल्यांचं, पाहुण्याला स्क्रीनवर दिसतं ते साधारण तेच: खोलीचा फोटो, भाव, तारखा निवडायचा चौकोन, बुकिंगचं बटण. यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक कम्पोनंट. तो एकदा नीट लिहायचा आणि चाळीस ठिकाणी वापरायचा, किंवा चाळीस वेळा उचलून चाळीस ठिकाणी चिकटवायचा. पहिल्या प्रकारात आज डोकं लागतं. दुसऱ्यात आज काहीच लागत नाही, नंतर लागतं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचं तरी.

मी दुसऱ्या प्रकारातला माणूस होतो. ऐरोलीच्या कंपनीतून कमी केलं, अण्णा घरी आजारी, एक्केचाळिसाव्या वर्षी पोयनाडला परत आलो आणि तुमच्याकडे लागलो. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसलीस आणि माझा फोल्डर उघडलास.

"हे काय रे? कार्ड, कार्ड-नवीन, कार्ड-नवीन-दोन, कार्ड-शेवटचं. आणि हे कार्ड-शेवटचं-खरं. म्हणजे आधीचं शेवटचं खोटं होतं?"

"घाई होती ताई."

"घाई सगळ्यांनाच असते. एकेक उघड आणि मला फरक सांग."

मी एकेक उघडलं. एकात बटणाचा रंग वेगळा होता. एकात ‘बुक करा’च्या जागी ‘चौकशी करा’ होतं. एकात फोटो मोठा होता. पाचव्यात बराच वेळ शोधूनही मला काही सापडलं नाही.

"काही वेगळं नाही," मी म्हणालो.

"मग ते जन्मलं कशाला?" तू विचारलंस आणि पलीकडच्या टेबलावरची दोघं हसली. तू मात्र हसली नाहीस. त्या पाच फाइलींची आपण दुपारभर बसून एक फाइल केली. रंग, शब्द, फोटोचा आकार या तीन गोष्टी बाहेरून सांगता येतील अशा ठेवल्या, बाकी सगळं एकदाच लिहिलं. शेवटी तू जुन्या चार फाइली मला स्वतःच्या हाताने डिलीट करायला लावल्यास. माझं बोट अडखळलं.

"लागल्या तर?"

"लागल्या तर इतिहासात आहेत, जुनी प्रत्येक ओळ तिथे नाव-तारखेसकट राहते. घरात कशाला?"

मग तू मला एक वचन द्यायला लावलंस. इथून पुढे काहीही कॉपी करायची वेळ आली तर आधी तुला विचारायचं. मी कबूल केलं. ते वचन मनापासून होतं, म्हणूनच ते मोडल्यावर तोंडातून खरं निघेना. नाहीतर एका कॉपीबद्दल खोटं बोलायची कोणाला काय गरज होती?

तुझी काम करायची रीत मला नंतर कोणाकडेच दिसली नाही. तू कोड मोठ्याने वाचायचीस, टायपिंगच्या क्लासमध्ये मुलींना मजकूर वाचून दाखवावा तसा. एखादा तुकडा समोर आला की म्हणायचीस, ह्याचं काम एका वाक्यात सांग. मी सांगायला लागायचो, "हा खोलीचा भाव दाखवतो आणि शनिवार असला तर भाव बदलतो आणि..." तू हात वर करायचीस. दुसरा ‘आणि’ आला की तो तुकडा तोडायचा, हा तुझा नियम. भाव ठरवणारं एक, भाव दाखवणारं दुसरं. सुरुवातीला मला हा पोरखेळ वाटायचा. काही महिन्यांनी एका घरमालकाने पावसाळ्यासाठी वेगळे भाव मागितले तेव्हा मी एकच छोटी फाइल उघडली, चार ओळी बदलल्या आणि जेवायला गेलो. जेवता जेवता लक्षात आलं की ऐरोलीला मला याच कामाला आठवडा लागला असता. तुला येऊन सांगितलं तर तू डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलंस, "घे, सुकटीची चटणी," एवढंच म्हणालीस.

आता त्या शुक्रवारावर येतो.

सुमनताई तुझी शाळेपासूनची मैत्रीण. रेवदंड्याला समुद्राकडच्या आळीत त्यांचं घर, यजमानांची होडी, वर बांधलेल्या चार खोल्या पाहुण्यांना. त्यांची वेबसाइट तू आणलीस, माझ्याकडे दिलीस. चालू झाल्यावर त्यांचा मला फोन आला. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ओहोटी कधी, किनाऱ्यावर लांबवर चालता येईल का. त्या कोळ्याच्या घरातल्या, तिथी सांगितली की भरती-ओहोटीची वेळ त्यांना तोंडपाठ. म्हणाल्या, "भाऊ, त्या तारखांखाली तिथी टाका ना बारीक. म्हणजे मला बघून पटकन सांगता येईल."

मागणी छान होती. त्या दिवशी तू रजेवर होतीस, वाडीत सुपारी उतरवायला माणसं आली होती. मी फोन करू शकलो असतो. पण तू म्हणाली असतीस, थांब, सोमवारी बघू, तारखांच्या चौकोनात खाली काहीही बसवता येईल अशी जागा करू. मला सोमवारपर्यंत थांबायचं नव्हतं. मी सगळा चौकोन उचलला, तीनशेच्या वर ओळी, सुमनताईंच्या फोल्डरमध्ये टाकला, त्याला ‘पंचांग’ असं नाव दिलं आणि तिथीची एक ओळ वाढवली. नेहमीच्या नावाने शोधलं असतं तर तो सापडला नसता. मी ते नाव लपवायला दिलं होतं का? तेव्हा नाही म्हणालो असतो. आज तेवढ्या खात्रीने म्हणवत नाही.

सुमनताई खूश झाल्या. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका साइटवर तुला चूक सापडली. एखादं बुकिंग एका महिन्यात सुरू होऊन दुसऱ्या महिन्यात संपत असेल, तर महिन्याची शेवटची रात्र भरलेली असूनही मोकळी दिसत होती. आज सर्व्हरवर दुसरी तपासणी आहे, तेव्हा नव्हती. चौकोनात मोकळी दिसली की बुक होऊन जायची. तू मूळ चौकोन दुरुस्त केलास, जिथे जिथे तो वापरला होता तिथे दुरुस्ती आपोआप पोचली, आणि मग तू उभी राहून तो प्रश्न विचारलास.

मी ‘हो’ म्हणालो असतो तर पाच मिनिटांचं काम होतं. फार तर तू दोन शब्द बोलली असतीस.

तू त्याच दुपारी सुमनताईंना फोन केलास. मी ऐकत होतो. "सुमे, तारखांत एक गडबड होती, आता सगळीकडे नीट झालंय, तू निर्धास्त राहा." तुझा तो शब्द माझ्या ‘नाही’वर उभा होता.

एकतीस डिसेंबरला काय होतं हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरलेली माणसं रेवदंड्यापर्यंत खोल्या शोधत फिरतात. त्या रात्रीसाठी सुमनताईंच्या एकाच खोलीचं बुकिंग दोन कुटुंबांना गेलं. दोन जानेवारीला त्या स्वतः रिक्षा करून ऑफिसात आल्या. पदर खोचलेला, दारातूनच बोलायला सुरुवात.

"कुंदे, तू मला निर्धास्त राहा म्हणालीस ना? माज्या दारात दोन घरची माणसं बॅगा घेऊन उभी. त्यातला एक म्हातारा, कमरेला पट्टा, त्याला उभं राहवत न्हाय. मी माजी खोली दिली आणि शेजारी जाऊन झोपले. तरी त्यांनी फोटोसकट लिवलं, ही बाई फसवते."

"चूक आमची आहे, सुमे," तू म्हणालीस.

"आमची न्हाय. तुजी. मी हापिस बघून काम दिलं नव्हतं, तुला बघून दिलं होतं."

तू खाली बघितलंस. मी स्क्रीनकडे बघत होतो. स्क्रीनवर काय होतं ते मला आठवत नाही, पण तिच्या वरच्या कोपऱ्यात धूळ होती ती आठवते. ऑफिसचे प्रमुख पराग सर केबिनमधून बाहेर आले, सुमनताईंना पाणी दिलं, माफी मागितली. त्या गेल्यावर सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "एका जागी हात लावला की चाळीस ठिकाणी हलतं, हे मी आधीच म्हणालो होतो. बंद करा तो सामायिक प्रकार. ज्याने त्याने आपापल्या फोल्डरमध्ये काम करायचं."

ताई, तेव्हा तरी मी उठायला हवं होतं. सुमनताईंकडे चूक राहिली ती सामायिक चौकोनामुळे नाही, त्यांच्याकडे तो सामायिक चौकोन नव्हता म्हणून राहिली. हे त्या खोलीत ठाऊक असलेला मी एकटा होतो. माझा कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात यायचा होता. मी बसून राहिलो. तुझं दीड वर्षाचं काम एका वाक्यात बंद झालं आणि तुझी चाळीस वर्षांची मैत्रीण तुझ्याशी बोलेनाशी झाली.

मला वाटलं होतं तू चिडशील, सोडून जाशील. पुढच्या आठवड्यात तू माझं टेबल तुझ्या टेबलाला लावून घेतलंस. म्हणालीस, खिडकीतून ऊन येतं तुझ्यावर, इकडे बस. मी ते माझं नशीब समजलो. त्या टेबलावर मी पुढची सहा वर्षं शिकलो. जे काही मला आज येतं ते तिथलं आहे.

सरांच्या हुकुमानंतर सगळे पुन्हा उचलायला आणि चिकटवायला लागले. तू भांडली नाहीस. दर शनिवारी दुपारी एकच तुकडा घ्यायचीस. आधी बटण. चाळीस फोल्डरांतली बटणं गोळा करून, त्यांतले खरे फरक कुठले आणि नुसते चुकून झालेले कुठले हे वेगळं करायचीस. "हा रंग मालकाने मागितलाय. हा रंग कोणाच्या तरी हातून झालाय," असं पुटपुटत. मी तुझ्यासाठी यादी करून द्यायचो. बटण झालं, मग फोटो, मग भाव. वर्ष-दीड वर्षाने सरांच्या लक्षात आलं की नवी साइट आता चार दिवसांत उभी राहते. त्यांनी कारण विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

याच काळात मी दुसरी चूक केली. ती आठवून आज थोडं हसू येतं. मनातलं ओझं हलकं करायला म्हणून मी ठरवलं की सगळं एक करून टाकायचं. खोलीचं कार्ड, होडीच्या फेरीचं कार्ड, जेवणाच्या ऑर्डरचं कार्ड. तिन्हींना फोटो, नाव, भाव, बटण. महिनाभर खपून मी एकच मोठं कार्ड बनवलं, त्याला सव्वीस पर्याय. खोली असेल तर हे दाखव, होडी असेल तर ते लपव. जानेवारीत तुझ्या चौलच्या वाडीत ऑफिसची पोपटी होती. वालाच्या शेंगांचं मडकं जाळात लागलेलं, विनायकभाऊजी राख सारत होते आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तुला ते दाखवत होतो.

"सव्वीस," तू म्हणालीस. "आधी तीन घरं होती, प्रत्येकात एक दिवा. आता एकच घर आणि भिंतभर स्विच. कुठला दाबला की काय लागतं हे तुला तरी आठवतं का?"

"पण डुप्लिकेट एक ओळ नाही, ताई."

"सारखं दिसतं म्हणून एक करू नकोस. एकाच कारणाने बदलतं का ते बघ. खोली बदलते ती घरवाल्याच्या मनात आलं म्हणून. होडी बदलते वाऱ्यावर. उद्या वारा सुटला आणि तू होडीसाठी काही बदललंस, तर खोल्यांना का धक्का लागावा?"

मी वाद घातला. माझं म्हणणं होतं की दोन ठिकाणी तेच लिहिलेलं राहिलं तर कोणीतरी एक जागा विसरणारच. मी हे फार जोरात बोललो. तू माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "दिनेश, प्रायश्चित्त म्हणून कोड लिहू नये."

मी लॅपटॉप मिटला. तुझ्या तोंडून तो शब्द सहज आला असेल असं मी स्वतःला सांगितलं. भाऊजींनी मडकं उपडं केलं, शेंगांची वाफ आली, विषय बुडाला. ते कार्ड आपण पुढे पुन्हा तीन भागांत तोडलं. वाद मात्र पुरा झाला नाही. दोन सारख्या गोष्टी कधी एक करायच्या आणि कधी वेगळ्या राहू द्यायच्या, यावर माझं अजून पूर्ण समाधान नाही. तीनदा दिसेपर्यंत थांब, असं तू म्हणायचीस. मला दुसऱ्यांदाच हात शिवशिवतात. हल्ली असं काही समोर आलं की तुझी खुर्ची रिकामी आहे हे विसरून मी तिकडे वळतो.

तुझं आजारपण सुरू झालं आणि तू ऑफिसला यायची थांबलीस. मी रविवारी चौलला यायला लागलो. तिसऱ्या की चौथ्या रविवारी, तू अंगणात खुर्चीवर, डोक्याला रुमाल बांधून नारळाच्या खोबऱ्याचे तुकडे करत बसली होतीस. मी आठवडाभर वाक्य जुळवून आलो होतो. "ताई, त्या एकतीस डिसेंबरचं मला तुला काही..." एवढं म्हणालो.

"मला दोन जानेवारीला दिसलं होतं."

मी चहा खाली ठेवला.

"सुमी गेल्यावर फोल्डर उघडला. प्रत्येक ओळीपुढे नाव असतं, विसरलास काय? तुझं नाव, शुक्रवारची तारीख, दुपारचे तीन चाळीस. मी वाडीत होते तेव्हा."

मी विसरलो नव्हतो. तू तो इतिहास उघडलाच नसशील असं मी सहा वर्षं स्वतःला पटवत होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. अण्णा आजारी, नोकरी नवीन, जरा वेळ घेईल म्हटलं. मग थांबायची सवय लागली." तू खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवलास. "तिथीची कल्पना चांगली होती पण. मी नंतर मूळ चौकोनात तेवढी जागा केली. तुझी ती तीनशे ओळींची फाइल गेली, नऊ ओळी राहिल्या."

मी माफी मागायला लागलो. तू हाताने थांबवलंस.

"माझी नको. मला तुझी चूक मिळाली तशी तुझी सहा वर्षंही मिळाली. फिटलं. सुमीला सांग. ती मला बाजारात भेटली की ‘बरं हाय ना’ म्हणते आणि पुढे जाते. सहा वर्षं तेवढंच."

"तू स्वतः का नाही सांगितलंस तिला?"

"मी सांगितलं तर ती चुगली. आणि..." तू आणखी एक तुकडा मोडलास. "तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिने विचारलं नाही. मलाही राग आहे की."

मला तेव्हा विचारायचं होतं की तू माझ्यासाठी गप्प राहिलीस की त्या रागापायी. विचारलं नाही. तुझ्या गप्प राहण्यात माझ्यासाठीचं किती होतं हे मोजायचा मला हक्क नव्हता. मी म्हणालो, "उद्याच जातो ताई." तू म्हणालीस, "उद्या सोमवार, नवीन साइट चालू करायचीय. मंगळवारी जा."

मी मंगळवारी गेलो नाही. त्यापुढच्या मंगळवारीही नाही. एकदा चौलवरून पुढे निघालो आणि रेवदंड्याच्या नाक्यावर मोटरसायकल वळवून परत आलो. तू दर रविवारी माझ्या तोंडाकडे बघायचीस आणि काही विचारायची नाहीस. मला वाटत होतं वेळ आहे. वेळ नव्हता.

तुला घेऊन निघालो त्या सकाळी वाडीच्या फाटकाशी सुमनताई उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. पदर तोंडाशी धरून, सुपारीच्या झाडाला टेकून, तू समोरून जाईपर्यंत तिथेच. विनायकभाऊजींनी त्यांना बघितलं आणि मान फिरवली. भाऊजींचंही बरोबर होतं, त्यांना तुझी बाजू ठाऊक होती, पण तू त्यांना माझं नाव कधी सांगितलं नव्हतंस. दोन चांगली माणसं तुझ्या फाटकात एकमेकांकडे पाठ करून उभी होती आणि कारण मी होतो, खांद्यावर तुला घेतलेला.

रविवारी मी भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "चहा घेऊन जा." सोमवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, आता याचा काय उपयोग. मी म्हणालो, उपयोगासाठी सांगत नाही, सर. त्या दिवशी ऑफिसात ज्यांनी ऐकलं होतं त्यांच्यासमोर सांगायचं आहे. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

आणि काल रेवदंड्याला गेलो. सुमनताई दारात बोंबील वाळत घालत होत्या. मला बघून हात थांबवला नाही.

"कुंदाच्या हापिसातले ना तुमी? पंचांगवाले भाऊ."

"हो."

"बसा. वाईट झालं. मी आत न्हाय आले त्या दिवशी. कुठल्या तोंडाने येणार?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. तिथीसाठी मी चौकोन कसा उचलला, तुझी दुरुस्ती त्यामुळे तिथे कशी पोचली नाही, तू विचारलंस आणि मी काय म्हणालो. कोडचं त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण शेवटचं कळलं. जोडीने बांधलेले दोन बोंबील त्यांच्या हातात तसेच राहिले.

"म्हणजे तिनं विचारलं व्हतं तुमाला?"

"हो. सगळ्यांसमोर."

"आणि तुमीच न्हाय म्हणालात."

"हो."

"तिला कवा कळलं?"

"तुम्ही ऑफिसात येऊन गेलात त्याच दिवशी."

त्या खाली बसल्या. तोंड समुद्राकडे केलं. मग म्हणाल्या, "भवानी. एवढं पोटात ठेवून मला बाजारात बरं हाय म्हणायची." डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. आवाज चढला होता. "आणि तुमी आता येताय? ती गेल्यावर? माज्याकडं कशाला आलात मग? तिची माफी मागायची व्हती ना जित्तेपणी."

"तिची मागायला गेलो होतो, सुमनताई. तिने घेतली नाही. म्हणाली, तुमची मागायची राहिलीय. तेव्हा ती होती. मी तेव्हाच यायला हवं होतं, तुम्ही दोघी बोलला असतात. तेही माझ्यामुळेच राहिलं."

मी चपला काढल्या. का काढल्या ते सांगता येणार नाही, त्यांच्या अंगणात तसं उभं राहवेना.

"तुमच्या दारात त्या रात्री माणसं उभी राहिली ती माझ्या चुकीने," मी म्हणालो. "कुंदाताईची त्यात काही चूक नव्हती. मी तिच्याशी खोटं बोललो, तुमच्यासमोर तिला बोलणी खाताना बघत बसलो, आणि तुमची मैत्रीण तुमच्यापासून सहा वर्षं तोडली. मला माफ करा."